उंबरकोंडचा भोंगा कुणी वाजवला?

एक

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीवर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. ठेवू नका. आजवर मी ही कुणाला सांगितलेली नाही. माझ्यासारख्या माणसाच्या पोटात एखादी गोष्ट दोन-तीन दिवस टिकली, यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका.

प्लास्टरवाले भाऊ, उशी सरकवून घ्या. माहरुख सिस्टर, तुम्हीही टेका जरा, भेटीची वेळ आहे, कुणी काही म्हणणार नाही. चार नंबरच्या खाटेवरच्या मावशी भिंतीकडे तोंड करून झोपल्यात, तेव्हा आवाज बेताचा ठेवतो.

तर मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूर तालुक्यात, उंबरकोंड नावाची पस्तीस घरांची वाडी आहे. डोक्यावर डोंगर, पायाखाली डोंगर, मध्ये माणसं. वरचा डोंगर सरकायला लागला तर कळावं म्हणून वाडीत एक भोंगा बसवलेला. तो वाजला की हातातलं टाकायचं आणि ओढ्यापलीकडच्या शाळेत जायचं, एवढा साधा नियम.

त्या दिवशी मे महिन्याचं आभाळ घासलेल्या परातीसारखं स्वच्छ होतं, आणि भोंगा वाजला. असा वाजला की वाडीतल्या कोंबड्यांनी अजून अंडं दिलेलं नाही. घाटातली एस.टी. आपणहून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, ड्रायव्हर चहाला उतरलेला असताना. हसा. पण बासष्ट माणसं पळाली, हे खरं. कुणी पोर उचललं, कुणी शेळी. शाळेच्या पटांगणात तासभर बसून सगळी डोंगराकडे बघत राहिली. डोंगर जागचा हलला नाही. पडली ती एकटी रखमा. सत्तरीची बाई, ओढ्यातल्या दगडावरून घसरली आणि मांडीचं हाड मोडून बसली.

भोंगा डोंगराने वाजवला नव्हता, तो महाडातल्या एका कचेरीतून वाजला होता. तिथल्या एका वहीतल्या तीन ओळी कुणीतरी गायब केल्या होत्या, म्हणून वाजला होता.

दोन

कचेरी उझ्माची. बाजारपेठेच्या मागे जलीलचं ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर. उझ्मा दहा वर्षं मुंबईत सॉफ्टवेअर टेस्टिंग करून परत आलेली. भोंग्यातलं सॉफ्टवेअर बदललं की वाडीत पाठवण्याआधी ते तपासायचं, हे तिचं काम. तपासायला ताबिशने बनवलेली बारा-तेरा टूल्स होती. ती हल्ली माणूस चालवत नसे, एजंट चालवी. विम्याचा नव्हे, कॉम्प्युटरातला, ए.आय. त्याला चहा लागत नाही, रजा लागत नाही, आणि कचेरीतलं त्याला काहीएक माहीत नसतं. हा तिसरा गुण लक्षात ठेवा.

म्हणून ती वही. वही म्हणायचं, असते कॉम्प्युटरवरच. कुठलं टूल कशासाठी, त्याला काय द्यायचं, दिलं तर काय होतं, दिलं नाही तर काय होतं, सगळं तिच्यात. लिहायची समीक्षा. उंबरकोंडचीच मुलगी, आणि रखमाची नात.

बुधवारी सकाळी उझ्माने गोमाजीला बोलावलं. हा गोमाजी म्हणजे एस.टी. डेपोत एकतीस वर्षं कंट्रोलर. हरवलेल्या पिशव्या शोधल्या, हरवलेली गाडी शोधली, एकदा तर हरवलेला ड्रायव्हर सासुरवाडीतून शोधून आणला. तोही मूळचा उंबरकोंडचाच. रिटायर झाल्यावर उझ्माने त्याला वही वाचायला ठेवलं होतं. एस.टी.च्या म्हाताऱ्याला समजलं तर एजंटलाही समजेल, हा तिचा हिशोब.

"काका, भोंगातपास या टूलच्या पानावरच्या तीन ओळी गेल्यात," उझ्मा म्हणाली. तिचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. "मंगळवारी मी एजंटला म्हटलं, नवं सॉफ्टवेअर तपास. त्याने पान वाचलं आणि टूल चालवलं. आवाज बंद ठेवून चालवायला हवं होतं."

"ओळी काढल्या कुणी?"

"बदल समीक्षाच्या नावावर आहे. ती म्हणते, मी हात लावला नाही. काका, वाडीतल्या त्या भागोजीने भोंग्याची वायर उपटून ठेवलीय. म्हणे, खोटारडा भोंगा नको. परवा, शुक्रवारी चार वाजता, तो वाडीची माणसं घेऊन इथे येणार. मला त्यांना नाव द्यावं लागेल. नाव दिलं नाही तर ते वायर जोडणार नाहीत, आणि पावसाळा तोंडावर आलाय. समीक्षाचं नाव दिलं तर ती पोरगी पुन्हा वाडीत तोंड दाखवू शकणार नाही. तुम्ही शोधा. तुमच्या शब्दाला वाडीत मान आहे."

या वाक्याला गोमाजी एकदम उठून जिन्याकडे निघाला.

तीन

पहिला संशय जलीलवर. त्याला वरचा मजला सिमेंटच्या गोणींसाठी हवा होता, आणि कचेरीची किल्ली त्याच्या वजनकाट्याशेजारच्या खिळ्यावर असायची.

"हवाय ना मजला," जलील म्हणाला, "म्हणून काय म्हातारीचा पाय मोडीन? तुझी अक्कल डेपोत जमा करून आलास का, गोमाजी?"

"किल्ली कुणी नेली होती?"

"मला काय माहीत. रविवारी मी वीरला स्टेशनवर गेलेलो, आमच्या नुरजहाँला आणायला. गाडी दोन तास लेट. किल्ली खिळ्यावर, खिळा सगळ्यांना ठाऊक. पण एक सांगतो." जलील जवळ सरकला. "आलो तेव्हा वरचा पंखा बंद होता. खिडकीला कडी. जिन्यातला दिवा मालवलेला. अरे, ही पोरं कधी पंखा बंद करतात? वर्षभर रोज रात्री मीच जाऊन करतोय. कुणी आला असेल तर मोठा शिस्तीचा माणूस होता. फक्त कॉम्प्युटर तेवढा चालू."

"मोठा शिस्तीचा," गोमाजी हसला. जरा जास्तच हसला.

घरी जेवून तो परत निघाला. दाराशी येऊन सवयीने पंखा बंद केला, दिवा बंद केला, खिडकीची कडी चाचपली. आणि हात कडीवरच राहिला.

चार

ताबिशची पाळी आली. पंचविशीतला, बाटलीच्या बुडासारखा चष्मा, आणि डोक्यात राग. टूल्स त्याची आणि चालवणारा एजंट, हे त्याला फारसं रुचलेलं नव्हतं, असं सगळेच म्हणत.

"माझ्यावर घ्यायचं असेल तर घ्या," तो म्हणाला. "अर्धी चूक माझीच आहे. भोंगातपास मी बनवलं तेव्हा वाडीत भोंगे नुकते बसवत होतो. आवाज ऐकूनच खात्री करायची होती. म्हणून काही सांगितलं नाही तर ते खरा भोंगा वाजवतं. नंतर बदलायचं राहिलं. समीक्षा म्हणाली होती, बदल. मी म्हटलं, तू वहीत लिही ना, काय बिघडतं. आता आजीसमोर जायची लाज वाटते मला."

"ओळी कधी गेल्या, ते दिसतं का?"

"दिसतं की. रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. समीक्षाच्या कॉम्प्युटरवरून. ती तो उघडाच ठेवून जाते, आम्ही सगळेच ठेवतो. पण काका, गंमत ऐका. सोमवारी मी आलो तर तिच्या पडद्यावर अक्षरं ही एवढी. एस.टी.च्या पाटीवर असतात तेवढी. कुणीतरी मोठी करून ठेवलेली."

"तुझ्या चष्म्याला बरी पडत असतील."

"माझा चष्मा लांबचं बघायला आहे. जवळचं मला चष्मा काढून मुंगीच्या पायासारखंही दिसतं. जवळची अक्षरं मोठी लागतात ती म्हाताऱ्या माणसांना. आपल्या चाळिशी पार केलेल्या..." आणि ताबिश बोलता बोलता थांबला. "जलीलचाचांना?"

"जलील वीरला होता," गोमाजी म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक निघाला की ताबिशने त्याला पाणी दिलं. पाणी पिताना गोमाजीने खिशातला वाचायचा चष्मा हाताने झाकून धरला. कुणी बघत नव्हतं, तरी.

पाच

गुरुवारी तो रखमाला भेटायला गेला. ती दवाखान्यात होती. कुठल्या, ते विचारू नका, महाडात दवाखाने काय कमी आहेत. पायाला वजन लावलेलं, उशाशी समीक्षा बसलेली. डोळे सुजलेले, हातात डबा, उघडलेला नाही.

रखमा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. लहानपणी दोघांनी एकत्र गुरं राखलेली. त्याला गोमा म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती.

"ये गोमा. पोलीस झालास म्हनं."

"विचारायला आलोय गो. रविवारी समीक्षा कुठे होती?"

"माझ्यासंगती, राबावर. सकाळपासनं भाताच्या रोपांसाठी राब भाजत व्हतो. चार वाजता तिचं हात बघितलं असतंस तर तव्यावानी काळं. त्या हातानं ती महाडात येऊन लिवनार व्हती का?"

"तसं नाय म्हटलं."

"वाडी म्हनते. भागोजी म्हनतो, नात शिकली आनि आजीचा पाय मोडला. आरं, भोंगा बसवला तवा वाडीत कोन इश्वास ठेवीत व्हतं? मी घरोघर गेले. म्हटलं, माझ्या नातीचा भोंगा हाय, खोटा वाजनार नाय. आता कुनाच्या दारात जाऊ?"

समीक्षा पहिल्यांदाच बोलली. "आजोबा, मी तुम्हाला वही छापून दिली होती ना, पेन्सिलने खुणा करायला? तेव्हा सांगितलं होतं, लांबलचक वाटलं तरी एकही ओळ गाळू नका. तुम्हाला राग आला होता. मला तेव्हा वाटलं, उगाच बोलले."

गोमाजीने खाटेवरची चादर नीट केली.

"पण मी बरोबर होते ना?" तिने विचारलं. "मला फक्त तेवढं सांगा. मी लिहिलं होतं ते पुरेसं होतं ना? की माझ्याच लिहिण्यात काही चुकलं?"

तिला उत्तर द्यायचं सोडून हा माणूस चपला शोधायला लागला. चपला त्याच्या पायातच होत्या.

सहा

एक पुरावा राहिला होता. एजंट जे जे करतो ते लिहून ठेवतो, आणि का केलं तेही. त्याला लॉग म्हणतात. चारशे पानं होती, म्हणून कुणी वाचली नव्हती. गोमाजीने आयुष्यभर कंडक्टरांच्या वे-बिलांवर, म्हणजे तिकिटांच्या हिशोबावर, बोट फिरवलेलं. त्याने संध्याकाळी मंगळवारचं पान काढलं.

आधी गेलेल्या तीन ओळी ऐका. समीक्षाने लिहिलं होतं: "हे टूल चालवताना 'मुका: हो' असं द्यावं. दिलं नाही तर भोंगा वाडीत खरोखर वाजतो आणि माणसं घरं सोडून पळतात. खात्री नसेल तर टूल चालवू नये, माणसाला विचारावं."

त्या जागी आता एकच ओळ होती: "त्यानंतर नेहमीप्रमाणे तपासणी करावी."

आणि लॉगमध्ये एजंटने लिहिलं होतं: "पानावर 'नेहमीप्रमाणे' असं आहे. नेहमी काय करतात, याची नोंद वहीत शोधली, सापडली नाही. थांबण्याची सूचना नाही. म्हणून टूलला वेगळं काही न देता, ते जसं आहे तसं चालवतो."

भाबड्या पोराने साहेबापुढे जबानी द्यावी, तसं. लपवाछपवी नाही, मखलाशी नाही.

डेपोत एकतीस वर्षं फळ्यावरच्या सूचना कशा असायच्या, माहीत आहे? आंबेनळी घाट बंद, महाबळेश्वरच्या गाड्या रद्द, बाकी नेहमीप्रमाणे. एवढंच. ड्रायव्हर उभ्याउभ्या वाचणार, तीन ओळींच्या वर सूचना गेली की मोठे साहेब ओरडणार. आणि नेहमीप्रमाणे म्हणजे काय, हे प्रत्येकाला पाठ. तोच फळा, तीच माणसं, तोच घाट. महाड डेपोत हा शब्द लिहून आजवर एकाही गाडीला ओरखडा उठला नव्हता.

त्या रविवारी गोमाजी विसरलेली छत्री आणायला वर गेला होता. कॉम्प्युटर उघडा दिसला. पोरीने सांगितलेलं अजून टोचत होतं. कालची पोर, आणि सूचना कशी लिहावी ते मला सांगते? अक्षरं मोठी केली, खुर्ची ओढली. पाल्हाळ वाटला तिथे कात्री लावली. अकरा पानांत कितीतरी ठिकाणी. बाकी ठिकाणी काही बिघडलं नाही, कारण तिथे 'नेहमी' काय ते दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. इथे नव्हतं. काम झाल्यावर त्याने पंखा बंद केला, कडी लावली, दिवा मालवला, आणि जिना उतरताना मनात म्हणाला, आता जरा वाचण्यासारखं झालं.

छत्री वरच राहिली. ती अजून समीक्षाच्या टेबलाखाली आहे. चौथा पुरावा, कुणाच्या लक्षात न आलेला.

मंगळवारी भोंग्याचं कळलं तेव्हा त्याला संशय आला नव्हता? आला होता. पण मी काढला तो पाल्हाळ, ओळी वेगळ्याच कुणी काढल्या असतील, असं त्याने स्वतःला सांगितलं. दोन दिवस सांगितलं. दुसऱ्यांची झाडाझडती घेत फिरला. जलीलला चोर म्हणाला, ताबिशच्या चष्म्यावर बोलला, आणि ज्या पोरीचं नाव स्वतःच्या बोटांनी खराब केलं, तिला विचारायला गेला की बाई, रविवारी कुठे होतीस.

सात

मग शुक्रवारचे चार वाजले. भागोजी आला, वाडीची वीस-पंचवीस माणसं आली, जिना वाजायला लागला. जलील खालून खुर्च्या घेऊन आला. समीक्षा कोपऱ्यात उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"गोमाजीकाका सांगतील," उझ्मा म्हणाली.

आणि मंडळी, गोमाजी उठला. काठी टेकून ताठ उभा राहिला. म्हणाला, "पंखा कुणी बंद केला? जुन्या सरकारी माणसाने. अक्षरं कुणी मोठी केली? म्हाताऱ्या डोळ्यांनी. नेहमीप्रमाणे कुणी लिहिलं? डेपोच्या फळ्याने. हे तिन्ही ज्याच्यात आहे असा माणूस या महाडात एकच आहे, आणि तो तुमच्यासमोर उभा आहे. समीक्षाने लिहिलं होतं ते पूर्ण होतं. बरोबर होतं. गाळलं ते मी."

टाचणी पडली असती तर पोलादपुरात ऐकू गेली असती. भागोजीने पुढे होऊन त्याचे पाय धरले. उझ्माच्या डोळ्यांना धार लागली. समीक्षा येऊन आपल्या खुर्चीवर बसली, आणि काय सांगू, खुद्द एजंटने पडद्यावर लिहिलं: "आजोबा, नोंद घेतली आहे." त्याच संध्याकाळी वाडीत वायर जोडली. कोंबड्यांनी एकेक दिवसाआड दोन-दोन...

"खोटं."

"कोण बोललं? सिस्टर, चार नंबरच्या मावशी जाग्या झाल्या वाटतं. जरा पाणी..."

"झोपले कवा व्हते? पयल्यापासनं ऐकते हाय. कोंबड्या सोडल्या तर समदं खरं सांगितलंस. शेवट तेवढा खोटा."

"रखमा..."

"आज शुक्रवार हाय, गोमा. त्या घड्याळात बघ. साडेतीन झालं. चार अजून वाजायचं हायत. माझी नात तिथं कोपऱ्यात उभी हाय, आनि तू हितं बसून पाय धरून घेतोयस."

"जाणारच होतो गो. आधी एकदा बोलून बघितलं."

"बघितलंस ना? आता तिकडं जाऊन बोल. आनि त्या पोरीनं लिवलं व्हतं तसं बोल. समदं. एक वळ गाळू नको."